पुढच्या तपासणीपर्यंतचे दिवस कसे काढावेत?

गोदाकाठ:
माझे वय ४९. २०२१ मध्ये डाव्या स्तनातील कर्करोगाची गाठ काढली, पाठोपाठ केमोथेरपी आणि रेडिएशन झाले. कर्करोग परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी अजून चालू आहे. यंदाच्या मॅमोग्राफीत जुन्या व्रणाजवळ काहीतरी दिसले असून अहवालावर ‘बायरॅड्स ०’ असा शेरा आहे. सोनोग्राफी आणि एमआरआयसाठी अकरा दिवसांनंतरची तारीख मिळाली. मुलगा म्हणतो, शून्य म्हणजे काहीच नाही. मला वाटते, डॉक्टर काहीतरी लपवत असावेत. कणीक मळता मळता हात काखेकडे जातो, रात्री दोनला जाग येते, आणि विषय काढला की सासूबाई ‘अभद्र बोलू नये’ म्हणून गप्प करतात. अशा वेळी आपण काय केले?

क्षकिरण:
ताई, मी डॉक्टर नाही, पण मॅमोग्राफी विभागात तंत्रज्ञ म्हणून बरीच वर्षे काम केले आहे. आपला मुलगा आणि आपण, दोघांचाही अर्थ चुकतो आहे. बायरॅड्स ही स्तनाच्या चित्रणाचे निष्कर्ष क्रमांकाने नोंदवण्याची पद्धत आहे. तिच्यातील शून्य म्हणजे ‘निष्कर्षासाठी माहिती अपुरी, आणखी चित्रण किंवा जुन्या फिल्म हव्यात’. त्यात ना दिलासा, ना लपवाछपवी. शस्त्रक्रिया आणि रेडिएशननंतर व्रणाजवळची ऊती घट्ट होते, कधी तेथील चरबी मृत होऊन गाठीसारखी दिसते, आणि हे काही वर्षांनीही घडू शकते. म्हणून आधीच्या सर्व मॅमोग्राफीच्या फिल्म किंवा सीडी सोबत न्याव्यात. कागदी अहवाल पुरेसा नसतो, कारण तुलना चित्रांची करायची असते.

पंचगंगा:
याच वाटेने मी दोन वर्षांपूर्वी गेले. बायोप्सीत माझी गाठ मृत चरबीचीच निघाली, पण त्यावरून आपल्याबद्दल काही सांगण्याचा मला अधिकार नाही. एक चूक मात्र कबूल करते: मी ती जागा दिवसातून दहा-बारा वेळा दाबून पाहत असे, दाबून दाबून ती दुखू लागली, आणि दुखते म्हणजे तेच असणार, असे मी धरून चालले. शेवटी आमच्या परिचारिकाबाईंनी सांगितले की तपासणी होईपर्यंत हात लावायचा नाही, नवा बदल दिसला तर थेट फोन करायचा. मग संध्याकाळचा अर्धा तास मी भीतीसाठीच राखला. त्या वेळात मनात येईल ते वहीत लिहायचे, आणि त्यातले डॉक्टरांना विचारण्याजोगे वेगळ्या पानावर उतरवायचे. भीती गेली नाही, पण पहाटे चारपर्यंत झोप लागू लागली.

माणदेशी:
माझ्या पत्नीच्या वेळी मी दर वेळी ‘काही होणार नाही’ म्हणत राहिलो. परिणाम एवढाच झाला की तिने मला सांगणे बंद केले. सासूबाईंचे बोलणेही बहुधा भीतीपोटीच असेल; त्यांच्याशी वाद न घालता घरातील ऐकून घेणारे एक माणूस निवडावे. असे कोणी नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

गोदाकाठ:
सर्वांचे आभार. कपाटात पैठणीखाली २०२२ आणि २०२३ च्या सीडी सापडल्या. २०२४ ची केंद्राकडून मागवली आहे. मुलाला शून्याचा अर्थ सांगितला, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, एमआरआयला तो सोबत येईल.