चीनमधल्या तरुण मुलांना प्राण्यांबद्दल खरंच काय वाटतं?

सायली_क: दर जूनमध्ये चीनमधल्या युलिन शहरातल्या कुत्र्याच्या मांसाच्या उत्सवाचे व्हिडिओ आमच्या फॅमिली ग्रुपवर येतात आणि खाली सगळ्यांचा एकच सूर, चिनी लोक असलेच. माझी मावसबहीण नानजिंगला एमबीबीएस करतेय, ती सांगते की तिच्या हॉस्टेलच्या मुली रोज रात्री कॅम्पसमधल्या मांजरांना खायला घालतात, नसबंदीसाठी वर्गणी काढतात. मग नक्की काय समजायचं? विशी-तिशीतल्या मुलांबद्दल विचारतेय. कुणी राहिलंय का तिकडे?

मंदार_शांघाय: मी राहतो. तुमची बहीण बरोबर सांगतेय. माझ्या ऑफिसात तिशीच्या आतले निम्मे लोक तरी मांजरवाले आहेत, आणि "विकत घेऊ नका, दत्तक घ्या" हे वाक्य इथे सगळ्यांच्या तोंडी आहे. पेकिंग युनिव्हर्सिटीत तर विद्यार्थ्यांची मांजरांसाठी संघटना आहे, पकडून नसबंदी करून परत सोडतात, एकेका मांजराची नाव-फोटोसकट नोंद ठेवतात. आणि युलिनचा तो उत्सव काही जुनी परंपरा वगैरे नाहीये हो, 2010 च्या आसपास धंदा वाढवायला सुरू झालेला प्रकार, त्याला सगळ्यात जास्त विरोध चिनी लोकांनीच केलाय. एप्रिल 2011 ला बीजिंगजवळ हायवेवर एकाने कुत्र्यांनी भरलेला ट्रक बघितला, सरळ आपली गाडी आडवी घातली आणि वेइबोवर (तिकडचं ट्विटरसारखं) पोस्ट टाकली, बघता बघता दोनेकशे लोक जमले. ड्रायव्हरकडे कागद सगळे होते, त्यामुळे पोलिसांनाही ट्रक जप्त करता येईना, शेवटी पंधराएक तासांनी लाखाच्या वर युआन मोजून सगळी कुत्री विकत घेऊन सोडवली. पाचशेच्या आसपास होती. पुढे शेन्झेन शहराने 1 मे 2020 पासून कुत्र्या-मांजराचं मांस खायलाच बंदी घातली.

अॅड_वृषाली: पण कायद्याचं बोला ना, खरी गोम तिथेच आहे. वन्यजीवांसाठी चीनमध्ये 1988 चा कायदा आहे, पण घरच्या किंवा रस्त्यावरच्या प्राण्याला कुणी छळलं तर त्यासाठी देशपातळीवर कायदाच नाही. आपल्याकडे 1960 चा तरी आहे, शिक्षा कितीही किरकोळ असली तरी गुन्हा नोंदवता येतो. 2020 मध्ये शानडोंगमधल्या एका विद्यार्थ्याने मांजरांना हालहाल करून मारलं, त्याचे व्हिडिओ विकले. संताप इतका झाला की युनिव्हर्सिटीने त्याला काढून टाकलं, पण कायद्याने शिक्षा काय, तर काहीच नाही. मग पोरं स्वतःच अशा माणसांना शोधून त्यांची नावं-पत्ते उघड करतात, आणि ते मला धोक्याचं वाटतं, चुकीचा माणूस सापडला तर त्याचं आयुष्यच गेलं की.

नितीन७८: सगळं मांजर-कुत्र्यांपुरतं आहे हे पण सांगा. हुबेईत अझोऊला डुकरांसाठी 26 मजली इमारत बांधलीये, त्यावर किती तरुण भांडले? आणि ऑक्टोबर 2023 ला सिचुआनमध्ये लहान मुलीला रॉटवायलर जातीचा कुत्रा चावला तेव्हा भटकी कुत्री उचला म्हणणारेही भरपूर होते, त्यात तरुण नव्हते असं थोडीच आहे.

मंदार_शांघाय: डुकरांबद्दल पटलं, त्यावर इथे फारसं कुणी बोलत नाही. पण अस्वलांचं बघा. जिवंत अस्वलाचं पित्त काढून औषध बनवणारी एक कंपनी शेअर बाजारात येणार होती, 2012 ला नेटवर एवढा गदारोळ झाला की पुढच्या वर्षी तिने अर्जच मागे घेतला. ते तर घरात पाळलेलं नव्हतं, आणि औषध तर त्यांच्याच परंपरेतलं.

सायली_क: थँक्यू सगळ्यांना. ट्रकचं आणि शेन्झेनचं मी आजच ग्रुपवर टाकते. बहिणीला त्या मुलींबरोबर काम करायचंय, भाषा जेमतेम येते, चालेल का?

मंदार_शांघाय: आरामात चालेल. सुट्टीत सगळे घरी जातात तेव्हा खायला घालणारं कुणी नसतं, आणि परदेशी विद्यार्थी बऱ्याचदा कॅम्पसवरच असतात, म्हणजे त्यांना हवीच असेल ती. फक्त एक सांगा तिला, कोर्स संपला की बरेच जण पाळलेली मांजरं तिथेच टाकून जातात, "तात्पुरती सांभाळ" म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर आधी त्या मुलींना विचारायचं.