फीबरोबर व्याजही धरा

मुलाला फॉरेन्सिक अकाउंटिंग, म्हणजे हिशेबातली फसवणूक शोधायचं काम, शिकवायला कर्ज काढावं का, असं एका पालकांनी विचारलंय. आठ लाख फी भरून त्याची पदव्युत्तर पदवी घेतली की दोन वर्षांत पैसे वसूल, हा त्यांना दिलेला हिशेब मला पटत नाही. त्यात शैक्षणिक कर्जाचं व्याज कुठंच नाही. हप्ते कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. १० टक्के दर धरला आणि पैसे एकदम उचलले, तर कोर्सची दोन आणि पुढचं एक अशा तीन वर्षांत सरळव्याजानेच २ लाख ४० हजार होतात, शिवाय मुलगा पुण्या-मुंबईला राहणार तो खर्च वेगळा.

मी नागपुरात सीताबर्डीवर एका सीएंच्या ऑफिसात बँक ऑडिटचं काम करते. एकदा कर्जाच्या फाइलमधला फ्लॅट सेरसाईच्या, म्हणजे गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदणीच्या, नोंदीत शोधला, तर तो आधीच दुसऱ्या बँकेकडे गहाण निघाला. हे शोधणारी पोरगी साधी बी.कॉम., आर्टिकलशिप म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण करणारी होती, आणि तिला त्या काळात स्टायपेंडही मिळत होता, थोडा का होईना. फसवणूक पकडायची नजर अशी फायली चाळूनच येते, असं माझं ठाम मत आहे. आयसीएआय या सीएंच्या संस्थेचा फॉरेन्सिक अकाउंटिंगचा सर्टिफिकेट कोर्स सीए झाल्यावर करता येतो. कंपनी कायद्याच्या कलम २११ मध्येही एसएफआयओ या कंपन्यांमधले मोठे घोटाळे तपासणाऱ्या सरकारी कार्यालयासाठी बँकिंग, करआकारणी, कायदा, आयटी, फॉरेन्सिक ऑडिट अशा अनेक क्षेत्रांतले तज्ज्ञ सांगितलेत, म्हणजे वाट एकच नाही. म्हणून मुलाला आधी अशा कामातून पाया पक्का करू द्या, कर्ज काढायची घाई नको. आणि कॉलेज निवडलंच असेल, तर मागच्या बॅचच्या मुलांना स्वतः फोन करून पगार विचारा, माहितीपत्रकातल्या सर्वाधिक पॅकेजवर जाऊ नका.