मदत हवी आहे: मोठ्या माणसाला मेड्युलोब्लास्टोमा, रेडिएशन कुठे घ्यावं?

यावलकर: भावाचा रिपोर्ट आला. मेड्युलोब्लास्टोमा, मेंदूतली कॅन्सरची गाठ, ग्रेड ४. डॉक्टर म्हणाले हा लहान मुलांचा ट्युमर, मोठ्यांत क्वचित. मग दाखवायचं कोणाला, मुलांच्या डॉक्टरला की मोठ्यांच्या? दोन महिने दूध काढताना धार बादलीबाहेर जायची, सगळे म्हणाले अशक्तपणा. आता एक दिवसही घालवायचा नाही. माहीत असेल त्यांनीच लिहा, लवकर.

तापीकाठ: वय? ऑपरेशन कधी झालं? गाठ पूर्ण निघाली का? मणक्याचा एमआरआय?

यावलकर: ३१. ऑपरेशनला ११ दिवस झाले. 'बरीचशी काढली' म्हणाले. मणक्याचा कशाला? गाठ डोक्यात आहे.

तापीकाठ: ही गाठ लहान मेंदूत होते आणि मेंदू-मणक्याभोवतीच्या पाण्यातून खाली पसरू शकते. म्हणून रेडिएशन पूर्ण डोक्याला आणि पूर्ण मणक्याला देतात, गाठीच्या जागी जास्तीचा डोस. ऑपरेशनआधी मणका पाहिला नसेल तर दोन आठवडे होऊ द्या, खाली उतरलेल्या रक्ताने फोटो फसवतो. मग कॉन्ट्रास्टचा (शिरेतून औषध देऊन) एमआरआय आणि पाठीतलं पाणी तपासा. 'बरीचशी' म्हणजे किती, तेही ऑपरेशननंतरच्या एमआरआयवरून विचारून घ्या.

चोपडा_७२: माझा पुतण्या ८ वर्षांचा होता. टाटात केमो, रेडिएशन दोन्ही झालं. आज नववीत आहे. तीच ट्रीटमेंट मागा.

अमळनेरची_लेक: नका मागू दादा. मी नर्स आहे. मुलांची केमो मोठ्यांना तशीच सोसत नाही. व्हिन्क्रिस्टीन या केमोच्या औषधाने आमच्या २६ वर्षांच्या पेशंटला शर्टाचं बटण लावता येईना, बोटं बधिर. मोठ्यांनाही केमो देतात, पण कोणती, किती, हे ठरवताना गाठीचा उपप्रकार बघतात. मोठ्यांत बहुतेकदा एसएचएच निघतो. त्या तपासणीला पॅराफिन ब्लॉक, म्हणजे काढलेल्या गाठीचे मेणात जपलेले तुकडे, लागतात. आजच लॅबमध्ये अर्ज द्या.

चोपडा_७२: ताई, पोरगं जिवंत आहे, मला एवढंच कळतं.

धुळेकर_अप्पा: परळच्या टाटाला गर्दी फार. नाशिकला घ्या, घरचं माणूस जाऊन-येऊन राहतं.

तापीकाठ: अप्पा, डोक्यापासून माकडहाडापर्यंत सलग रेडिएशन बसवणं हे सराव असलेल्यांचंच काम. निदान प्लॅन तरी टाटाचा घ्या. खारघरला त्यांचं प्रोटॉन रेडिएशनचं मशीनही आहे, विचारून बघा. यावलकर, ऑपरेशनपासून साधारण ४ ते ६ आठवड्यांत सुरू व्हायला हवं. मोठ्यांच्या कॅन्सर विभागातच दाखवा, पण मेंदूच्या गाठी रोज पाहणाऱ्यांना.

धुळेकर_अप्पा: बरं, मुंबईच म्हणता तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सर पेशंटची सोय होते. आधी चौकशी करून जा.

केळीबाग_रावेर: बायकोचं अर्धं डोकं दुखतं, एमआरआय करू का? आणि यावलला केळीला काय भाव?

अमळनेरची_लेक: भाऊ, त्याचा वेगळा धागा काढा. यावलकर, भावाचं लग्न झालंय का? नसेल तर केमो-रेडिएशनच्या आधी वीर्य जतन करायचं विचारा. नंतर मूल होण्यात अडचण येऊ शकते आणि घाईत हे कोणी आपणहून सांगत नाही.

यावलकर: ब्लॉकचा अर्ज दिला, उद्या अकराला बोलावलंय. लग्न वैशाखातलं ठरलंय ताई, मुलीकडे अजून काही सांगितलेलं नाही. हे त्याला मी विचारू, की डॉक्टरांनाच विचारायला लावू?