मराठी रॅप: लीजवरचा बीट, घरचं रेकॉर्डिंग आणि पैसा नक्की कुठून येतो?

रात्रपाळी_एमसी
भावांनो, एमआयडीसीत शिफ्टची नोकरी सांभाळून मराठी रॅप करतो. पाच गाणी लिहून तयार आहेत. बीट (रॅपमागचं तयार संगीत) यूट्यूबवरचे, शीर्षकात 'फ्री' लिहिलेले. ते वापरून गाणी स्पॉटिफायवर टाकता येतील का? स्टुडिओचं भाडं परवडत नाही, मग घरी रेकॉर्ड करून चालेल का? आणि नोकरी न सोडता यातून पैसा कुठल्या वाटेनं येतो?

सही_आधी
आधी बीटचं बघ, बाकी सगळं त्यावर उभं आहे. 'फ्री' म्हणजे बहुतेक वेळा कमाई न करण्याच्या अटीवर फुकट. डिस्क्रिप्शन वाच, बीटमेकरला मेल टाक, लीज (ठरावीक अटींवर बीट वापरायचा परवाना) विकत घे. एमपी३ लीज स्वस्त पडते, पण मिक्स करताना हात बांधले जातात: आवाजाला जागा करायला स्नेअर ड्रम किंवा सिंथचा सूर खाली घ्यायचा तर ते वेगळे मिळतच नाहीत. परवडत असेल तर स्टेम्सवाली (प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल देणारी) लीज घे. किती स्ट्रीमपर्यंत चालते, मुदत किती, व्हिडिओला परवानगी आहे का, हे तपास. लीजची पीडीएफ आणि पैसे भरल्याची पावती एकाच फोल्डरमध्ये ठेव.

सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती इथे: डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोहोचवणारी कंपनी) गाणं चढवताना 'कंटेंट आयडी'चा पर्याय दिसतो. लीजच्या बीटवर तो लावायचा नाही. तोच बीट आणखी कितीतरी जणांनी घेतलेला असतो. एकानं कंटेंट आयडी लावला की यूट्यूबची यंत्रणा बीटचा आवाज ओळखते आणि बाकी सगळ्यांच्या व्हिडिओवर क्लेम (मालकीचा दावा) लागतो. तुझ्यावर लागला तर लीजची पीडीएफ जोडून डिस्प्यूट (हरकत) टाक. बीटमध्ये जुन्या लावणीचा किंवा सिनेमाच्या गाण्याचा तुकडा असेल तर लीज घेऊनही तो मोकळा होत नाही. रेकॉर्डिंगच्या मालकाची आणि मूळ गाण्याच्या हक्कधारकाची अशा दोन परवानग्या लागतात.

आता पैसा. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. रेकॉर्डिंगचे पैसे डिस्ट्रिब्युटरमार्फत येतात. शब्द आणि चालीचे पैसे आयपीआरएसमार्फत (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) येतात. त्याचं सदस्यत्व वेगळं घ्यावं लागतं, आणि सदस्य झाल्यावरही प्रत्येक गाणं तिथं नोंदवावं लागतं. हे न केल्यामुळे मराठी रॅपर आपल्याच शब्दांचे पैसे सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं.

स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केलाय: मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी नाही. म्हणून पाचही गाणी एकदम ओतू नकोस. एकेक सोड आणि प्रत्येकाला वेळ दे. गाणं तीन-चार आठवडे आधी चढव, आणि स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधून रिलीजच्या किमान ७ दिवस आधी पिच कर (प्लेलिस्टसाठी सुचव), म्हणजे ते फॉलोअर्सच्या रिलीज रडार या प्लेलिस्टमध्ये जातं. वार्षिक फी घेणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे फी थांबली की गाणी उतरू शकतात, तेही आधीच वाचून घे.

गोधडी_व्होकल्स
घरी रेकॉर्ड करून शंभर टक्के चालतं. फक्त लोक फोम चुकीच्या भिंतीला चिकटवतात. कार्डिऑइड माईक समोरचं ऐकतो, म्हणजे तू आणि तुझ्या पाठीमागची भिंत. त्यामुळे जाड गोधड्या तुझ्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना टांग. पंखा बंद. वर पत्रा असेल तर पावसात रेकॉर्डिंगचा नाद सोड. अशा खोलीत महागड्या कंडेन्सरपेक्षा साधा डायनॅमिक माईक बरा, आजूबाजूचं कमी उचलतो.

माईकपासून १० ते १५ सेंटिमीटर, तोंड किंचित तिरकं, मध्ये पॉप फिल्टर ('प', 'फ'ची फुंकर अडवणारी जाळी). २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात जोरात ओरडशील तेव्हा मीटर −६ डीबी (डेसिबल) च्या वर जाऊ नये. ब्लूटूथ हेडफोन अजिबात नको, आवाज उशिरा येतो आणि नकळत तू बीटच्या मागे पडतोस. लीजचा बीट आधीच ठासून मोठा केलेला असतो. तो ५-६ डीबी खाली घे, मग आवाज बसव. आवाजातलं ८०-१०० हर्ट्झखालचं काढून टाक. डबल (तेच शब्द दुसऱ्यांदा रेकॉर्ड करून वर चढवणं) पूर्ण व्हर्सवर (कडव्यावर) न घेता फक्त यमकाच्या शब्दांवर घे, आणि दुसऱ्या टेकमधले 'स', 'ट' कापून टाक, नाहीतर दोनदा टकटक ऐकू येतं.

लिखाणाबद्दल. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) १६ बार (एक बार म्हणजे चार ठोके) म्हणजे साधारण ४३ सेकंद. ४ बार इंट्रो, १६ चे दोन व्हर्स, ८ चा हूक (परत परत येणारं धृपद) तीनदा, असे ६० बार २ मिनिटं ४० सेकंदांत बसतात. तोच आराखडा १४० बीपीएमला पावणेदोन मिनिटांतच संपतो. एका बारमध्ये १६ जागा असतात, त्यातल्या १०-१२ च भर, श्वासाला जागा ठेव. मराठीत क्रियापदाच्या शेपटीवर यमक फुकट मिळतं, 'येतोय-जातोय', म्हणून ते लगेच शिळं होतं. 'रात्रपाळी' ला 'मात्र खाली' लाव. चार अक्षरं जुळतात आणि अर्थही पुढे सरकतो. आणि बोली सोडू नकोस. अमरावतीच्या रॅपर १००आरबीएचचं वऱ्हाडी ऐक, प्रमाण मराठीत ती धार आलीच नसती.

मंडप_माईक
स्टेजसाठी वेगळा ट्रॅक बनव: मुख्य आवाज काढलेला, हूकचे डबल आणि ॲडलिब (मधूनमधून टाकलेल्या हाळ्या) ठेवलेले. डब्ल्यूएव्ही फाइल पेनड्राइव्हवर आणि फोनमध्ये, दोन्हीकडे. मंडळांचे साउंड बऱ्याचदा मोनो असतात. स्टिरिओत फार पसरवलेला आवाज तिथं पातळ होतो किंवा गायबच होतो, म्हणून ट्रॅक आधी मोनोमध्ये ऐक. माईकची जाळी मुठीत धरू नकोस. मागची छिद्रं बंद झाली की माईक सगळीकडचं उचलतो आणि शिट्टी वाजते.

निम्मे पैसे आधी, प्रवास-मुक्काम वेगळा, आणि हे सगळं व्हॉट्सॲपवर तरी लेखी. कंपनीचा कार्यक्रम असेल तर १० टक्के टीडीएस कापला जाऊ शकतो. पॅन दे आणि रिटर्न भर, कर बसत नसेल तर ते पैसे परत मिळतात. नियमित पैसा मात्र शोपेक्षा जिंगलचे शब्द लिहिणं, दुसऱ्यांचं मिक्सिंग, शाळा-कॉलेजातल्या कार्यशाळा यांतून येतो. जिंगल देताना कुठल्या माध्यमात, किती महिने, कुठल्या प्रदेशात हे ठरव.

रात्रपाळी_एमसी
खूप आभार. एक राहिलं: दोन गाण्यांचा हूक मित्रानं लिहिलाय आणि तोच गातो. पैशाचं काही बोललो नाही. आणि एक लेबल म्हणतंय, 'सगळे हक्क आम्हाला दे.'

सही_आधी
मित्रासोबत गाणं रिलीज व्हायच्या आधी कागद कर. गाण्याचं नाव, कोणी कुठले शब्द लिहिले, चाल कोणाची, बीट कोणाचा, शब्द-चालीतले टक्के, रेकॉर्डिंगमधले टक्के वेगळे, तारीख, सगळ्यांच्या सह्या. बेरीज दोन्हीकडे १०० झाली पाहिजे. बीटमेकरचा वाटा लीजमध्ये लिहिलेला असतो, तो आधी बाजूला काढ.

लेबलचं म्हणशील तर २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर शब्द आणि संगीत लिहिणाऱ्याचा रॉयल्टीतला वाटा सोडून दे असं करारात लिहून घेतलं तरी ते टिकत नाही. तो वारसाला किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून 'कायमचं' आणि 'जगभर' हे दोन शब्द आहेत का ते शोध. असतील तर मुदत ३ वर्षांवर आणायला सांग, आणि तयार नाही झाले तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस.