मदत हवी आहे: बॉक्सरने हरवलेल्या प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा ठरवायचा कसा?

नमस्कार मंडळी,

बॉक्सिंग बरीच वर्षं पाहतोय, पण एका प्रश्नावर दरवेळी गाडी अडते. एखाद्याचं रेकॉर्ड समोर आलं, समजा १२-० (बारा विजय, शून्य पराभव) किंवा ४९-०, तर तो पठ्ठ्या खरंच भारी की त्याच्यापुढे उभी केलेली माणसं हलकी, हे तुम्ही कसं ठरवता?

वाद सुरू झाला विजेंदर सिंगवरून. माझा भाचा बॉक्सिंग शिकतो. त्याचं म्हणणं, विजेंदर व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये १२-० होता, म्हणजे त्या काळात कुणालाच तो पेलला नाही, विषय संपला. मला हे पटत नाही, म्हणून मी प्रतिस्पर्ध्यांची रेकॉर्ड काढून बसलो आणि जास्तच गोंधळलो.

डिसेंबर २०१७, जयपूर: घानाचा अर्नेस्ट अमुझू. नावावर २३ विजय, त्यातले बहुतेक नॉकआउट. कागदावर हा माणूस भीतिदायक. विजेंदरने दहा फेऱ्या त्याला आरामात खेळवलं. नोव्हेंबर २०१९, दुबई: चार्ल्स अडामू, माजी राष्ट्रकुल विजेता, ब्रिटनच्या कार्ल फ्रॉच आणि जॉर्ज ग्रोव्हज या नावाजलेल्या बॉक्सरांशी लढलेला. तो दुसऱ्याच फेरीत आडवा झाला, पण वय ४२. मग मार्च २०२१ मध्ये पणजीला, मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या छतावर, रशियाचा आर्तिश लोप्सान आला. जेमतेम सहा लढतींचा अनुभव, त्यातही एक पराभव आणि एक बरोबरी. सहा फूट चार इंचांच्या त्या पोराने विजेंदरला पाचव्या फेरीत थांबवलं. म्हणजे सगळ्यात बारकं रेकॉर्ड असलेलाच सगळ्यात अवघड निघाला! मग रेकॉर्ड बघून करायचं काय?

दुसरं उदाहरण रॉकी मार्सियानोचं. ४९-०, हेवीवेटमध्ये (सगळ्यात वजनदार गटात) अपराजित राहून निवृत्त झालेला विजेता. पण त्याच्यावरचा आक्षेप सगळ्यांना माहीत आहे: म्हाताऱ्यांना हरवलं. १९५१ मध्ये माजी हेवीवेट विजेता जो लुई ३७ वर्षांचा, १९५२ मध्ये जर्सी जो वॉलकॉट ३८ वर्षांचा, १९५५ मध्ये आर्ची मूर तर त्याहून मोठा की काय असा वाद. आक्षेप खोटा नाही, पण वॉलकॉटची फिलाडेल्फियाची लढत बघितली की माझा त्यावरचा विश्वास उडतो. पहिल्याच फेरीत मार्सियानो खाली बसलाय, कारकिर्दीत पहिल्यांदा. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या कागदावर वॉलकॉट पुढे. तेराव्या फेरीत मार्सियानोचा आखूड उजवा ठोसा हनुवटीवर बसतो आणि वॉलकॉट गुडघ्यावर कोसळतो, डावा हात दोरीत अडकलेला. तोवर जो माणूस इतकं सुंदर बॉक्सिंग करत होता त्याला नुसतं 'म्हातारा' म्हणून निकालात कसं काढायचं?

तर जाणकारांनो, तुम्ही नेमकं काय बघता? वय, विजयांचा आकडा, बेल्ट (म्हणजे किताब), की आणखी काही? भाच्याला 'तुला कळत नाही' म्हणून गप्प बसवायचं नाहीये. त्याला धड उत्तर द्यायचंय.

प्रतिसाद १

छान धागा. माझी पद्धत सांगतो. वय बघूच नका. लढतीच्या आधीची दोन वर्षं आणि नंतरची दोन वर्षं बघा.

वेल्सचा बॉक्सर जो कॅलझागी, त्याचं २००८ साल घ्या. एप्रिलमध्ये त्याने बर्नार्ड हॉपकिन्सला गुणांवर हरवलं, नोव्हेंबरमध्ये रॉय जोन्सला. हॉपकिन्स ४३ वर्षांचा, जोन्स ३९ चा. वयावर गेलात तर जोन्सवरचा विजय मोठा धरावा लागेल. प्रत्यक्षात उलटं आहे. जोन्स २००४ मध्येच लागोपाठ दोनदा नॉकआउट झाला होता, त्यानंतर तो पूर्वीचा जोन्स राहिलाच नव्हता. आणि हॉपकिन्सने कॅलझागीकडून हरल्यावर सहाच महिन्यांत केली पाव्हलिकला पुरतं निष्प्रभ केलं, जो तेव्हा अपराजित मिडलवेट विजेता होता. २०११ मध्ये ४६ व्या वर्षी जाँ पास्कालला हरवून पुन्हा बेल्ट घेतला. म्हणून माझ्या वहीत हॉपकिन्सवरचा विजय ठळक अक्षरात आणि जोन्सवरचा कंसात.

तोच नियम मार्सियानोला लावा. लुई त्याच्यापुढे आला तेव्हा लागोपाठ आठ लढती जिंकून आला होता हे खरं, पण हरल्यावर परत रिंगमध्ये उतरला नाही. तो विजय नावामुळे मोठा, त्या दिवसाच्या लुईमुळे नाही. वॉलकॉट मात्र गादीवर बसलेला विजेता होता, ३७ व्या वर्षी एझर्ड चार्ल्सला झोपवून त्याने बेल्ट घेतला होता. आणि मूर? मार्सियानोकडून हरल्यावर तो लाइट हेवीवेटचा किताब पुढे कित्येक वर्षं राखून होता. १९५८ मध्ये इव्हॉन ड्युरेलने त्याला पहिल्याच फेरीत तीनदा पाडलं, तरी उठून त्याने अकराव्या फेरीत ड्युरेलला नॉकआउट केलं. त्याला १९५५ मध्ये संपलेला म्हणणं अन्याय आहे. तो मुळात हेवीवेट नव्हता, हा आक्षेप मात्र मी मान्य करेन.

प्रतिसाद २

कुस्तीच्या मैदानात जुनी माणसं 'किती जिंकल्या' यापेक्षा 'जोड कुणाशी होती' हे आधी विचारतात, इथेही तसंच. अमुझूचे २३ विजय कुणावर होते ते उघडून बघा. हरवलेल्यांची नावं पण तपासायची, एक पायरी खाली उतरून. बहुतेक फुगवलेली रेकॉर्ड तिथेच उघडी पडतात.

आणि उलटही तपासा. इमॅन्युएल ऑगस्टसची कारकीर्द ३८ विजय, ३४ पराभव, ६ बरोबरी अशी संपली. आकडा बघून कुणीही नाक मुरडेल. पण अपराजित राहिलेल्या अमेरिकेच्या फ्लॉइड मेवेदरने स्वतः आपल्या सर्वांत अवघड प्रतिस्पर्ध्यांत त्याचं नाव घेतलंय. ऐनवेळी बोलावलं तरी जाणारा, दुसऱ्याच्या गावात लढणारा माणूस होता तो. असे पराभव मी पूर्ण पराभव धरतच नाही.

गावावरून आठवलं, युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिकचं क्रूझरवेट (हेवीवेटच्या खालचा गट) बघा. ग्लोवाकीला पोलंडमध्ये, ब्रीडिसला रिगामध्ये, गासिएव्हला मॉस्कोत, बेल्यूला मँचेस्टरमध्ये हरवलं. प्रत्येक ठिकाणी प्रेक्षक समोरच्याचे. मी याचे वेगळे गुण देतो.

प्रतिसाद ३

वजन विसरू नका. २०१३ मध्ये मेवेदरने मेक्सिकोच्या कानेलो अल्वारेझला हरवलं तेव्हा कानेलो २३ वर्षांचा आणि लढत १५२ पौंडांवर, म्हणजे त्याच्या गटाच्या मर्यादेपेक्षा दोन पौंड खाली. विजय मोठाच आहे, मेवेदरने अप्रतिम बॉक्सिंग केलं. पण कानेलो पुढे जो झाला तो त्या रात्री रिंगमध्ये नव्हता. नंतरचं मोठेपण मागे नेऊन जोडू नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद १ मधली दोन-दोन वर्षांची पद्धत लगेच लावून बघितली. विजेंदरच्या यादीत आता मी २०१७ ची वरळीची लढत सर्वांत वर ठेवतोय, चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीबरोबरची. आठच लढती झालेल्या, पण तो २३ वर्षांचा, अपराजित आणि चढत्या काळातला होता. दोन पंचांनी विजेंदरला ९५-९४ आणि तिसऱ्याने ९६-९३ असे गुण दिले, इतकी अटीतटीची. अडामू सगळ्यात खाली गेला. भाच्याला ही यादी दाखवली, अमुझूवर तो अजून अडून बसलाय. आता आम्ही दोघं मिळून अमुझूने हरवलेल्यांची नावं काढतोय.

न्यायाने बघायचं तर लोप्सानच्या विजयालाही हेच माप लावावं लागेल. विजेंदर तेव्हा ३५ वर्षांचा होता आणि सव्वा वर्षाहून जास्त काळ रिंगमध्ये उतरलेला नव्हता. इथे एक शंका उरते. लढतींमधला खंड किती लांबला की तुम्ही प्रतिस्पर्ध्याचा दर्जा कमी धरता? सहा महिने की वर्ष? आणि दुखापतीमुळे पडलेला खंड आणि लढतीच न मिळाल्यामुळे पडलेला खंड यांत फरक करता का?