मदत हवी आहे: दुकानात काम करताना चौथं शील कसं पाळता?

सर्वांना जय भीम, नमो बुद्धाय.

मी साड्यांच्या दुकानात सेल्सला आहे. घरी रोज त्रिसरण-पंचशील होतं. त्यातलं चौथं शील 'मुसावादा वेरमणी', म्हणजे खोटं बोलण्यापासून दूर राहीन, असं म्हणून बाहेर पडते आणि दुकानात पॉलिस्टर मिक्स साडी 'प्युअर कॉटन आहे ताई' म्हणून दाखवायला सांगतात. पदराचा एक दोरा जाळला तरी कळतं: सुताची राख होते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा मी दर आणि रंगाबद्दल बोलते, सुताबद्दल गप्प राहते. पण ऐकून घेऊन गप्प बसणं हेही खोटंच ना?

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत खोटं न बोलणं आहे, दहा पारमितांचं, म्हणजे अंगी बाणवायच्या सद्गुणांचं, पालनही आहे. सत्य आणि मैत्री दोन्ही त्यातल्याच. मालकाशी वैर न धरता, नोकरी सांभाळून खरं कसं बोलावं, तेच जमत नाहीये. नोकरी सोड, असं कृपया सांगू नका, घर माझ्या पगारावर चालतं.

दुकानदारी किंवा सेल्समध्ये असलेल्यांनी सांगा, अशा वेळी गिऱ्हाईकाला नेमकं कोणतं वाक्य बोलता? मालकाशी बोलून कुणाला फरक पडलाय का? वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या साधनेच्या काळात, हे पक्कं करायचं आहे.