मदत हवी आहे: ओडी (बाहेरच्या व्यासाच्या) ग्राइंडिंगमध्ये जॉबवर पट्टे, ड्रेसिंग (डायमंडनं चाक तासणं) करूनही जात नाहीत

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. पंपाचे शाफ्ट ग्राइंड करतो. 32 मिमी व्यास, केस हार्डन (वरचा थर कडक) केलेले, गोलाई 5 मायक्रॉनच्या आत हवी. मायक्रोमीटरवर माप बरोबर येतं. पण जॉब ट्यूबलाइटखाली तिरका धरून हळूहळू फिरवला की लांबीला धरून पट्टे दिसतात, एक उजळ, एक मंद. नखाला काहीच लागत नाही. पार्टीनं एक लॉट परत पाठवला, दुसरा मीच थांबवून ठेवलाय. असला माल पाठवायला मन होत नाही.

चाक 400 मिमी, 60 ग्रिट (कणांचा आकार), के ग्रेड (चाकाचा कठीणपणा), 1560 आरपीएमवर. मोटर 1440. जॉब 120 वर फिरतो.

डायमंड बदलला, सेंटर होल (जॉब ज्यावर धरतो ती टोकांची भोकं) लॅप करून गुळगुळीत केली, शेवटचा कट कमी करून स्पार्क आउट (नवा कट न देता चाक फिरवत ठेवणं) वाढवला. काही फरक नाही. ताज्या ड्रेसिंगनंतर पहिल्याच जॉबवर पट्टे येतात, म्हणजे चाक झिजत जाऊन चॅटर (थरथर) वाढतोय असंही नाही. सकाळचे पहिले तीन-चार जॉब सगळ्यात वाईट. काल व्हील हेडवर (चाक बसतं त्या भागावर) पाण्याची वाटी ठेवून बघितली. बेल्ट काढून नुसती मोटर चालवली तर पाणी शांत. बेल्ट चढवून चाक सुरू केलं की लगेच तरंग. आता स्पिंडल (चाकाचा फिरता दांडा) उघडायचं का? खर्च मोठा आहे, मशीन आठवडाभर बंद राहील. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
दादा, स्पिंडलला हात लावू नका, आधी पट्टे मोजा. जॉबला निळा मार्कर फासा, चाक जेमतेम टेकवा, निळं कुठे कुठे उरलं ते मोजा. जॉब सेकंदाला 2 फेरे घेतो, चाक 26, मोटर 24. एका फेऱ्यात 13 पट्टे असतील तर चाक, 12 असतील तर मोटर किंवा तिची पुली. एकाचाच फरक आहे, म्हणून सुरुवातीला खूण करून मोजा. मग जॉब 60 वर आणा. पट्टे दुप्पट झाले तर दोष मशीनकडे, तेवढेच राहिले तर सेंटरमध्ये. आणि संध्याकाळी कूलंट आणि चाक एकदमच बंद करता का?

धागाकर्ता:
तीनदा मोजले, 13च. 60 वर 26. आणि हो, दोन्ही एकदमच बंद करायचो.

प्रतिसाद:
मग सकाळचं कारण तेच. चाक पाणी पितं, रात्रभर ते खालच्या बाजूला उतरतं, सकाळी ती बाजू जड. कूलंट आधी बंद करा आणि चाक दहा मिनिटं कोरडं फिरू द्या. पण दिवसभर राहणारे पट्टे बॅलन्सिंगचे, 13 म्हणजे चाकाचीच एक बाजू जड. फ्लँजच्या (चाक धरणाऱ्या चकतीच्या) खाचेतली वजनं स्टँडवर सरकवून चाक बॅलन्स करा, चढवा, ड्रेस करा, मग उतरवून पुन्हा बॅलन्स करा. ड्रेसिंगनं चाकाची जड बाजू बदलते. नवीन चाक असेल तर फ्लँजवर बसवण्याआधी टिचकी मारून आवाज ऐका. बद्द वाजलं तर चाकाला तडा असू शकतो, ते वापरूच नका.

धागाकर्ता:
आम्ही पहिल्या बॅलन्सिंगवरच थांबत होतो. शेजारच्या वर्कशॉपमधून स्टँड आणलाय, रविवारी बसतो. सोमवारी पट्टे मोजून इथेच लिहितो.